दिली का कात्री?

पाणी आधी आपल्या मनगटावर घ्यायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका बाईची टाळू तिच्या हातून भाजली, पार्लरच्या मॅडमनी सगळ्यांदेखत तिचे वाभाडे काढले, आणि शिकणं आपोआप झालं. म्हणून त्या सकाळी शेजारच्या बेसिनला लागलेल्या नव्या मुलीनं पहिल्याच डोक्याला मनगट पुढं केलं, डाव्या हाताची कड कपाळाशी धरून डोळ्यांत पाणी उतरणार नाही असा बांध घातला, मानेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि हळूच विचारलं, “मान अवघडली नाही ना?” तेव्हा तिला नवल वाटलं. नव्या पोरी अशा येत नाहीत. त्या सगळीकडं पाणी उडवतात, शॅम्पू ओंजळभर ओततात आणि दुपार झाली की पाय मोडले म्हणून रडकुंडीला येतात. “कुठं शिकलीस गं हे?” आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यातला फेस मागं ओढत तिनं सहज विचारलं. मुलगी हसली. “चौकात ती काचेची शाळा आहे ना, तिथं. वर्षभराचा अख्खा कोर्स केलाय, मावशी.” पुढं काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. हातातला शॉवर फिरला आणि खुर्चीतल्या बाईच्या कानात भसकन पाणी गेलं. “अहो, लक्ष कुठंय तुमचं!” बाई ओरडली आणि आरशासमोरच्या तिन्ही खुर्च्यांवरून माना वळल्या.

माफी मागून, कान पुसून, चार हात जास्त मालिश करून तिनं बाईला शांत केलं. त्याच काचेच्या शाळेत आज पाच वाजता तिला जायचं होतं, मुलीच्या कर्जाला जामीन म्हणून सही करायला. मुलीला घरात बारकी म्हणत. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. आता एकोणिसाव्या वर्षी आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघते, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. बारकी शहाणी मुलगी. कधीकधी आईला धाक वाटावा इतकी शहाणी. केसांचंच काम शिकायचं हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. कुठं शिकायचं यावर मात्र गेले दोन महिने रोज जेवताना मायलेकींचा खल चालला होता. एक ही काचेची शाळा: चारही बाजूंनी काच, आत गोल दिवे, डमीच्या डोक्यांसमोर उभ्या काळ्या एप्रनातल्या मुली, आणि फी ऐकूनच घशाला कोरड पडावी अशी, ती कर्जानं भरायची आणि कर्ज दहा वर्षं फेडायचं. दुसरी एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत. जिना चढताना औषधांचा वास यायचा, शिकवायला एक दमेकरी म्हातारी बाई, आणि फी एवढी बेताची की साठवलेल्या पैशांत भागून चार पैसे उरले असते. बारकी तिथं जाऊन बघून आली होती. तिला आवडलंही होतं. “त्या बाई डमी देतच नाहीत, आई. आठवड्यातले दोन दिवस वर्ग, बाकीचे दिवस खऱ्या पार्लरात उमेदवारी.” आणि आई म्हणाली होती, “तिथं शिकून काय डोंबल होणार? कुणी दारात तरी उभं करेल का?”

असं म्हटल्यावर बारकी फोन काढून बसायची आणि हिशोब मांडायची. “हे बघ. तू शिकल्याचा कागद नसताना इतकी वर्षं केस कापतेयस, आणि तुझा पगार एवढा. शाळावाले म्हणतात, त्यांच्याकडून शिकून गेलेलीला तुझ्या दुपटीच्या वर. काम तेच. म्हणजे मधलं सगळं अंतर ही त्या कागदाची किंमत. त्यातून हप्ता वजा केला तरी तुझ्यापेक्षा जास्तच उरतात. पण त्यांचा आकडा खरा असला तर. दवाखान्यावरच्या बाई आकडाच सांगत नाहीत, नुसत्या हसतात.” आणि मग आईकडं बघून, “तुमच्याकडं आहे का गं तिथून शिकलेलं कुणी? असेल तर नीट विचार ना, हातात काय पडतं ते.” आई म्हणायची, नाही बाई, आमच्याकडं कुणी नाही. हिशोबात चूक काढायला जागा नव्हती. चूक हिशोबाच्या पार मुळाशी होती आणि तिथं बारकीची नजर पोचणं शक्य नव्हतं. आई केस कापत नव्हती. इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाचा एक केसही तिनं कापलेला नव्हता. ती केस धुवायची. बेसिनशी उभं राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्या बायकांची डोकी धुवायची, आणि तिचा तो पगार हा धुण्याचा पगार होता.

ह्याला सुरुवात कशी झाली हे ती कुणाला सांगूही शकली नसती, कारण सुरुवातीला त्यात खोटं असं काही नव्हतंच. कामावर घेताना मॅडम म्हणाल्या होत्या, आधी सहा महिने बेसिन, मग कात्री. तेव्हा नवरा अंथरुणाला खिळलेला. छातीचं दुखणं, आणि दिवसभर छताकडं बघत पडून राहणं. बिचाऱ्याला बोलायला विषय तो काय उरला होता? ती घरात पाऊल टाकायची तोच तो मान वळवून विचारायचा, “काय, दिली का कात्री?” पहिले काही दिवस गंमत वाटली. देतील हो, आत्ताशी तर लागलेय. सहा महिने झाले, आठ झाले. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, कागद आहे का तुझ्याकडं? आजकाल गिऱ्हाईक विचारतं. घरी तोच प्रश्न, आवाज मात्र दिवसेंदिवस खोल गेलेला. आणि एका संध्याकाळी, चपला काढता काढता, तिच्या तोंडून गेलं, “दिली.” नवऱ्याचा चेहरा असा काही उजळला की तो उजेड बघून तिला रडूच कोसळलं आणि त्याला वाटलं, आनंदाचं रडतेय. त्यानं चार वर्षांच्या बारकीला उशाशी बोलावून सांगितलं, “तुझी आई आजपासून कात्रीवाली झाली बरं का. आता ऐट बघ तिची.” महिन्याभरात तो गेला. ज्या माणसासाठी खोटं बोलली तो खोट्यासकट निघून गेला, आणि ते शब्द मागं त्या चार वर्षांच्या पोरीकडं राहिले. आज परत घेऊ, उद्या परत घेऊ असं करता करता पोर मोठी झाली. शेजारणींना सांगत सुटली, माझी आई केस कापते.

मग काय, तिनं एक कात्री विकत आणली. घरात, चाळीत, रविवारी खुर्ची टाकून ती बायकापोरांचे केस कापायची, आणि देवानं हात बरा दिला होता. पार्लरातल्या कापणाऱ्या पोरी ज्या गोष्टी आपसात बोलत त्या ती घरी येऊन स्वतःच्या म्हणून सांगायची. आज एक नवरी मुलगी आली होती, आज एकीनं इतके आखूड कापायला लावले की नंतर आरशात बघून तीच रडली. बारकी पोट धरून हसायची. बारकीनं पार्लरला यायचं मात्र नाही. मॅडमना घरचं माणूस आलेलं खपत नाही, हे कारण पहिलीपासून ते आत्तापर्यंत टिकलं. दोन वर्षांमागं बारकीनं विचारलं होतं, “मग मी तुझ्याच हाताखाली का नाही शिकत? बोल ना मॅडमशी.” तेव्हा ती इतकी खेकसली होती की पोरगी दोन दिवस गप्प होती. आणि दवाखान्यावरची ती शाळा? ती दरवर्षी उमेदवारीला ज्या पार्लरांत मुली पाठवायची त्यांत हे पार्लर होतं. निळ्या एप्रनातल्या दोन मुली दर पावसाळ्यानंतर यायच्या, बेसिनशी मावशींच्या मागं उभ्या राहून धुणं बघायच्या आणि मग पुढं सरकून खुर्च्यांपाशी जायच्या. बारकी तिथं शिकली तर एक दिवस निळा एप्रन घालून ह्या दारातून आत येणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वतःला मात्र तिनं हे असं सरळ कधी सांगितलं नव्हतं. स्वतःला सांगितलं होतं की माझ्या मुलीला चांगल्यातलं चांगलं मिळायला हवं, आपल्यासारखी वेळ तिच्यावर यायला नको. तेही मनापासूनचं होतं, हीच तर सगळी पंचाईत.

दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघी मागच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालायला बसल्या. खोली कसली, फळकुट मारून केलेला आडोसा. एका बाजूला यंत्र घरघरतंय, दुसऱ्या बाजूला रंगांचे डबे, आणि त्या रंगांचा नाकात झोंबणारा वास, जो तिला आता सुट्टीच्या दिवशीच जाणवायचा, नसला की. सकाळपासून ती नव्या मुलीच्या हातांवर डोळा ठेवून होती. आळशी असेल, तिनं स्वतःला सांगितलं होतं. बेफिकीर असेल, खोटी असेल, काहीतरी भानगड करून कुठून तरी हाकललेली असेल. नाहीतर कागद असलेली मुलगी इथं का येईल? पण हातात खोट सापडेना. बोटांच्या चिमटीत केस कसे धरायचे, कानामागं फेस राहतो तो कुठल्या बोटानं काढायचा, सगळं जिथल्या तिथं. घड्याही अशा की टॉवेलची कड दुसऱ्या टॉवेलच्या कडेला दगा देणार नाही. राग यायला कारण मिळालं नाही की माणसाला जास्तच राग येतो. “मग एवढं शिकून इथं कशी काय तू?” ती म्हणाली, आणि आवाज जरा जास्तच कडक निघाला. मुलीला त्याचं काही वाटलं नाही. तिला ह्या प्रश्नाची सवय असावी.

“कशी म्हणजे? इथं जागा होती म्हणून,” मुलगी म्हणाली. “सात ठिकाणी फिरले, मावशी. सगळीकडं एकच. अनुभव आहे का? नाही. मग दोन वर्षं बेसिनला लाग, बघू. अहो, वर्षातले अर्धे दिवस आम्ही तिथं खऱ्या गिऱ्हाइकांचीच डोकी केली. गिऱ्हाईक पैसे देतं शाळेला, आम्हीही पैसे देतो शाळेला, आणि काम आमचं. आहे की नाही मजा? आणि तो अनुभव बाहेर कुणी धरत नाही.” ती खरंच हसत होती. “हप्ता निम्मा पगार खातो. उरलेला वहिनीच्या हातावर ठेवायचा, नाहीतर ती ताट वाढताना भांडी आपटते. मध्ये आधीच्या बेसिनचं काम सुटलं, तीन महिने घरी बसले, तर हप्ते थकले. आता परवा बघितलं तर घेतलं होतं त्याच्यापेक्षा देणं जास्त. फेडतेय मी आणि वाढतंय ते!” मग तिनं आपुलकीनं विचारलं, “तुम्ही कुठं शिकलात?” “इथंच,” ती म्हणाली. “फी?” “फी कसली आलीय?” मुलीनं हातातला टॉवेल मांडीवर ठेवला आणि तिच्याकडं कौतुकानं बघितलं. “म्हणजे बघा, तुम्ही इथवर फुकट आलात. मी पैसे भरून आले.”

हे ती चेष्टेनं म्हणाली होती, त्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच ते आत कुठंतरी रुतून बसलं. तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. “हो, बोलतेय. हो मॅडम, लागले ना कामाला. पार्लरच. हो हो, केसांचंच काम. नाही, आत्ताच लागले. बरं. थँक्यू.” फोन ठेवून ती पुन्हा हसायला लागली. “शाळेचा होता. काम लागलं का विचारतात अधूनमधून. हो म्हटलं की अभिनंदन करतात आणि आकड्यात धरतात. मी आज आकड्यात गेले, मावशी! आता पुढच्या मुलींना सांगतील, एवढ्या मुलींना नोकऱ्या लागल्या, त्यात मी एक.” “आणि पगार? पगार विचारत नाहीत?” “ज्यांचा चांगला आहे त्यांना विचारत असतील,” मुलगी म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला. मग न राहवून तिनं विचारलं, “समजा, कुणी तुला म्हटलं, मी त्या शाळेत जाऊ का, तर काय सांगशील?” “कोण आहे का तुमचं?” “नाही. असंच.” मुलगी पहिल्यांदाच हसायची थांबली. “मी हात जोडून सांगेन, जिथं फी कमी तिथं जा. बेसिन काय, सगळीकडं सारखंच असतं.”

साडेचारला ती मॅडमना सांगून निघाली. रस्ता उतरता होता, दोन्ही बाजूंना दुकानं, फुटपाथवर सामान उतरवणारी माणसं, आणि कुणाला चुकवावं नि कुणाला वाट द्यावी हे तिच्या पायांना समजेना. हातांना भेगा पडल्या होत्या. गेल्या हिवाळ्यापासून त्या बुजतच नव्हत्या, आणि वारा लागला की बोटांच्या पेरांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. घरी तिनं सांगितलं होतं, रंगानं होतं हे, रंग लावणाऱ्या सगळ्यांना होतं. सांगून टाकते, ती मनाशी म्हणाली. आत गेल्या गेल्या सांगते की बारके, चल घरी, इथं काही खरं नाही, एक मुलगी भेटली तिथून शिकलेली, ती धुते. सोपं आहे. एवढंच तर सांगायचं. मग बारकी काय म्हणेल? बारकी म्हणेल, अगं मग कागदवाली धुते आणि तू बिनकागदाची कापतेस, हे कसं काय? बारकी असल्या ठिकाणी बरोबर बोट ठेवते. म्हणेल, म्हणजे कागदाला काही किंमतच नाही की, मग चल, दवाखान्यावरच्या बाईंकडं जाऊ. आणि पावसाळा संपला की निळा एप्रन घालून दारात उभी राहील आणि आतून मॅडमचा आवाज येईल, मावशी, दोन नंबरला पाणी द्या, मावशी, टॉवेल कुठायत, किती वेळ? त्या क्षणी बारकीचा चेहरा कसा होईल हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती रस्त्यातच थांबली आणि मागून येणारा हातगाडीवाला खेकसला, “ओ बाई, मरायचंय का?”

मुलगी रागावली असती तर तिनं सोसलं असतं. चार दिवस बोलली नसती, तेही चाललं असतं. पण बारकी रागावणार नाही हे तिला माहीत होतं. बारकी आधी गप्प होईल आणि मग मागचं सगळं एकेक करून आठवेल. ती नवरी मुलगी, ते आखूड केस, पोट धरून हसलेल्या त्या संध्याकाळी. आणि सगळ्यात शेवटी बापाला आठवेल. उशाशी बसून ऐकलेलं आठवेल. त्याला पण तू असंच सांगितलंस? असं ती विचारणार नाही, तेवढी ती मायाळू आहे. पण तिच्या मनात ते येईल आणि आईला ते दिसेल, आणि मग उरलेलं आयुष्य एका खोलीत दोघींनी राहायचं. दहा वर्षांचे हप्ते एकीकडं आणि हे एकीकडं. ती काही मूर्ख नव्हती. कुठलं पारडं कुणाच्या वाट्याला जातंय हे तिला स्वच्छ कळत होतं. हप्ते मुलीच्या वाट्याला होते. स्वतःची तिला इतकी किळस आली की वाटलं, चौकातच कुठंतरी बसून राहावं आणि पाच वाजून जाऊ द्यावेत.

पण बारकीनं तिला काचेतून बघितलं होतं. ती हात हलवत बाहेर आली, चांगले कपडे घातलेले, केस मागं घट्ट बांधलेले, आणि तोंडावर झोप न झाल्याची फिकट छाया. आत इतका उजेड होता की माणसाची सावलीच पडत नव्हती. काळ्या एप्रनातल्या मुली ओळीनं डमींपाशी उभ्या होत्या. त्यातली एक झाडूनं फरशीवरचे केस गोळा करत होती, पण ते कुणाच्या लक्षात येऊ नये असा तिचा झाडू चालला होता. प्रवेशाचं बघणारी बाई गोड होती, अत्तर लावलेली, मान तिरकी करून बोलणारी. “या ना, बसा. आईंची सही झाली की आपलं झालंच,” म्हणून तिनं कागद पुढं केले, कुठं कुठं सह्या करायच्या तिथं खुणा करून ठेवलेल्या, आणि एक पान कमी आहे म्हणून ते आणायला आत गेली. दोघी काचेच्या त्या खोलीत एकट्याच राहिल्या. बारकीनं खुर्ची ओढून आईच्या जवळ घेतली.

“आई, रागावू नको हं,” ती म्हणाली. “काल मी दवाखान्यावरच्या बाईंना पुन्हा फोन केला. एक जागा राहिलीय अजून. आणि माहितीय का, उमेदवारीला कुठं पाठवतील विचारलं तर त्यांनी तुमच्या पार्लरचं नाव घेतलं! मला इतकं हसू आलं. मी सांगितलं नाही त्यांना, माझी आई तिथंच असते म्हणून. तुला मॅडमची भीती वाटते ते कळतंय गं, पण शाळेनंच पाठवल्यावर त्या काय बोलणार? तुझ्या शेजारी उभी राहून शिकेन. कर्ज नाही, काही नाही.” तिचे डोळे आईच्या तोंडावर होते. “पण मग वाटतं, तू एवढं इथलं म्हणतेयस ते उगाच का म्हणशील? तू इतकी वर्षं ह्यात आहेस. माझ्या हिशोबापेक्षा तुला जास्त कळतं. म्हणून एकच सांग, खरं खरं. इथून शिकलेली कुणी तू बघितलीयस का? मिळतं का तिला?”

सांग, तिच्या आत कुणीतरी म्हणालं. आत्ता सांग. तोंड उघडलंही तिनं. ओठांपर्यंत पहिला शब्द आला होता, आणि तो शब्द ‘मी’ असा होता. मी धुते, बारके. एवढेच दोन शब्द. काचेपलीकडं एका मुलीनं डमीच्या डोक्यावरून कंगवा फिरवला, पुन्हा फिरवला.

“आहे एक,” ती म्हणाली.

“तुमच्याकडं? कधी आली?”

“आजच लागलीय.”

“मग? काय करते? तिला विचारलंस का?”

“विचारलं. कापते. पहिल्या दिवसापासून खुर्ची मिळालीय तिला.” आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, पण तो कुठं अडखळला नाही. घरी गोष्टी सांगून सांगून घशाला वळण पडलं होतं. “हात काय सुरेख आहे तिचा. तिथंच शिकले म्हणाली. खूश आहे.”

“आणि हप्त्याचं?”

“हसत होती,” ती म्हणाली. “त्याचं तिला काहीच वाटत नाही.”

बारकीनं श्वास सोडला. केवढा मोठा श्वास होता तो. दोन महिने आत कोंडून ठेवलेला. तिनं कागद ओढले आणि भराभर सह्या करायला लागली, खुणेवरून खुणेवर, जीभ दातांत धरून, लहानपणी चित्र रंगवताना धरायची तशी. आतून आलेल्या बाईनं उरलेलं पान समोर ठेवलं आणि विचारलं, “आई काय करतात तुमच्या?” बारकीनं मान वरसुद्धा न करता सांगितलं, “आमच्या लायनीतलीच आहे.” बाई म्हणाली, “अय्या, छान,” आणि जामीनदाराचा कागद आईकडं सरकवला. सही करायला हात टेबलावर आला तसा बारकीनं तो मध्येच धरला आणि उलटा करून बघितला. भेगांच्या कडा पांढऱ्या झालेल्या, एक-दोन ठिकाणी रक्त सुकलेलं.

“बघ काय झालंय हाताचं,” बारकी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हळू झाला. “मी उगाच नाही हिशोब करत बसायचे. मला एवढंच बघायचं होतं, की तुला कधी थांबवता येईल. मला खुर्ची मिळाली की तू काम सोडायचंस. कबूल? बोल.”

कुठं सही करायची ते दिसत नव्हतं. तिनं हात सोडवून घेतला, पेन धरलं, आणि बाईनं बोट ठेवलं तिथं नाव लिहिलं.

“सोडीन,” ती म्हणाली.